खाडीतल्या काकू

"वाजलं की केव्हाच," नवरा म्हणाला आणि त्यानं काखेतला थर्मामीटर काढून माझ्यासमोर धरला. मी पलंगाच्या कडेला बसून त्याच्याच वाजण्याची वाट बघत होते. रविवारची दुपार होती. पंखा फिरत होता, खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणून त्याला भिंतीवर नेत होता. हे सगळं मला स्वच्छ ऐकू येत होतं. "कधी वाजलं?" मी म्हटलं. "मगाशीच. तू नुसती बघत बसलीस म्हणून मीच काढला." ताप फार नव्हता. मी थर्मामीटर घेतला, बटण दाबलं, कानाशी नेला. पडद्यावर आकडे आले आणि गेले. "हा बघ, वाजला," नवरा म्हणाला. मी तो दुसऱ्या कानाशी नेला. नवरा उशीवरून जरासा उठला आणि माझ्याकडे निरखून बघायला लागला. "सेल गेलाय याचा," मी म्हटलं. "अगं, मला इथपर्यंत ऐकू येतोय." आता बघा, हा तापलेला माणूस, नाक चोंदलेलं, डोकं जड, आणि याला ऐकू येतोय. मी उठले आणि तुझ्यासाठी गरम पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले.

माझं कसं आहे, मला राग आधी येतो आणि भीती मागाहून. त्यामुळे पाणी गॅसवर ठेवून ओट्याला टेकले तरी पहिली काही मिनिटं मी थर्मामीटर बनवणाऱ्यांनाच मनातल्या मनात झाडत होते. मेले पैसे घेतात आणि मुंगीच्या आवाजात वाजणारी यंत्रं विकतात. मग पाणी उकळायला लागलं, त्याचा आवाज आला, भांड्यावरच्या झाकणाचा आला, आणि मग ती मागाहूनची भीती आली. कारण मी ऐकण्याचा पगार घेते. लोक विचारतात, तुम्ही नक्की काय करता हो? मी सांगते, समुद्रात माईक सोडते आणि ऐकत बसते. लोक हसतात, बरंय म्हणतात. खाडीच्या तोंडाशी तळाला आमचे माईक ठेवलेले असतात. ते पाण्यातलं सगळं टिपत राहतात, मग ते वर काढून आणायचे आणि हेडफोन लावून बसायचं. बोटींची घरघर असते. कोळंबीच्या जातीतला एक नखाएवढा प्राणी असतो, तो चिमटे मिटून तडतड आवाज करतो, मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा. कधी फार लांबून, खोल पाण्यातून, एखाद्या देवमाशाचा जाडजूड हुंकार येतो, इतका खालचा की तो ऐकू येण्याआधी छातीत कळतो. आणि जवळ, अगदी उशाशी, डॉल्फिन शीळ घालतात.

हे रेकॉर्डिंग इतकं असतं की सगळं तपासायचं म्हटलं तर एक जन्म पुरायचा नाही. म्हणून आमच्याकडे रीत आहे, आधी कान, मग डोळे. मी ऐकत जायचं, डॉल्फिन सापडला की तिथं खूण करायची, आणि तेवढ्याच तुकड्यातल्या आवाजाचं चित्र पंतोजी संगणकावर काढणार आणि मोजणार. पंतोजी म्हणजे माझा सहकारी. हा गृहस्थ टेबलावर चहाचा कप ठेवतानासुद्धा समास सोडून ठेवतो, म्हणून पंतोजी. जिथं माझी खूण नाही तिथं तो बघत नाही. जिथं खूण नाही तिथं काही नाही, असं आम्ही धरून चालतो. मला या रीतीचा गर्व आहे. यंत्रांचं कौतुक सांगत नवे लोक येतात तेव्हा मी त्यांना सरळ सांगते, तुमचं यंत्र बोटीच्या करकरीला डॉल्फिन म्हणतं, माझा कान म्हणत नाही. ओट्याशी उभं राहून मला हे माझंच वाक्य माझ्याच आवाजात ऐकू आलं आणि लाज वाटली.

प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची एक शीळ असते, आपल्याला नाव असतं तशी. आमच्या खाडीत एक बाई होत्या, त्यांना मी काकू म्हणायचे. त्यांची शीळ खालून सुरू व्हायची, मध्ये एक हेलकावा घ्यायची आणि मग वर, वर जाऊन लांबायची. जिन्यात आडवी येऊन "काय गं, कुठे निघालीस?" विचारणारी बाई असते ना, थेट तशी. वर्षानुवर्षं काकूंनी मला रोज सकाळी तेच विचारलं. माझं लग्न, माझ्या आईवडिलांचं जाणं, नवऱ्याची फिरतीची नोकरी आणि मग ती सुटणं, या सगळ्यात काकू तशाच. मग पलीकडच्या काठाला बंदर वाढवायचं काम निघालं. पाण्यात लोखंडी खांब ठोकायला लागले. एकेक घाव हेडफोनमधून असा यायचा की दात शिवशिवायचे. आणि त्यानंतर हळूहळू शिळा कमी होत गेल्या. आधी बारक्या गेल्या. उरल्या त्यांपैकी ज्या सापडत त्या मोठ्या असत. पंतोजी एकदा चित्र बघून म्हणाला, "कमी आहेत, पण आहेत त्या चांगल्या ठसठशीत आहेत की." मी म्हटलं, "ओरडायला लागल्यात बिचाऱ्या. एवढ्या गोंगाटात आवाज चढवल्याशिवाय कसं भागणार?" ते आमच्या दोघांच्याही मनात इतकं बसलं की आम्ही ते बंदराच्या कामावर नेमलेल्या समितीच्या सभेत मांडलं. बिचाऱ्या ओरडल्या, ओरडून थकल्या आणि निघून गेल्या, असं मी म्हटलं होतं, तेही काकूंचं नाव घेऊन. त्या सभेनंतर खांब ठोकणं थांबवलं गेलं. कायमचं थांबवायचं की पुन्हा सुरू करायचं याची सुनावणी मंगळवारी होती. तिथं बोलणार कोण, तर मी. सांगणार काय, तर डॉल्फिन गेले, मी स्वतः ऐकलंय की ते गेले.

बारक्या आधी गेल्या. मोठ्या तेवढ्या उरल्या. पाणी उतू गेलं आणि गॅस विझला तेव्हा मला कळलं की हे डॉल्फिनचं वर्णन नाही. आमचे बाबा छापखान्यात यंत्रावर होते. त्यांचंही असंच झालं होतं. आधी त्यांच्यासाठी पक्षी गेले, मग दारावरची घंटा गेली, मग आई गेली, म्हणजे तिचं बारीक आवाजातलं बोलणं गेलं. उरले ते फक्त ओरडणारे. आम्ही सगळे ओरडणारे झालो. जेवताना आम्ही त्यांच्याच समोर त्यांच्याविषयी बोलायचो, "यांचा सदरा फाटलाय, यांना सांगा कुणीतरी," आणि ते मध्ये बसून, आम्ही हसलो की थोडं उशिरा हसायचे. ते उशिराचं हसणं मला सहन व्हायचं नाही. मी ताट घेऊन उठायचे. आई म्हणायची, "बस खाली, त्यांना कुठे कळतंय?" आणि मला वाटायचं, कळतंय, अगदी सगळं कळतंय. आज ओट्याशी मला भीती वाटली ती बहिरेपणाची कमी आणि त्या खुर्चीची जास्त. सगळ्यांच्या मधोमध असलेल्या, सगळे जिच्या डोक्यावरून बोलतात त्या खुर्चीची.

नवऱ्याला पाणी दिलं, गोळी दिली, आणि प्रयोगशाळेत जाऊन येते म्हटलं. त्याने काहीतरी म्हटलं. मी हो म्हटलं. काय म्हणाला ते जिना उतरताना मी आठवून पाहिलं, तर नुसती एक मऊ पुटपुट आठवली. प्रयोगशाळा बंदरालगतच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन टेबलं, एक खिडकी, तिला समुद्राकडे बघायची बंदी असावी अशी ती समोरच्या गोदामाकडे उघडते. रविवार म्हणून सामसूम होती. आवाज हळू वेगानं वाजवला की तो खाली येतो, जाडा होतो, हे कुठल्याही पोराला ठाऊक असतं. मला ते तीस वर्षांपासून ठाऊक होतं. करायला मात्र कधी सुचलं नव्हतं, कारण स्वतःच्या कानाला कोण तपासतं? मी अलीकडचं एक रेकॉर्डिंग काढलं, जिथं माझी एकही खूण नव्हती. आधी खऱ्या वेगानं ऐकलं. घरघर, तडतड. तडतडसुद्धा हल्ली मंद झालीय, गाळामुळे असेल, असं मी मागेच ठरवून टाकलं होतं. सगळ्याला माझ्याकडे उत्तर तयार. मग वेग निम्मा केला, तरी खात्री होईना, म्हणून अजून निम्मा केला, आणि हेडफोन घट्ट दाबून धरले.

काकू. घशात कफ असल्यासारख्या, झोपेतून उठल्यासारख्या, पण काकूच. काऽय गं, मग तो हेलकावा, मग वर. कुठेऽ निघालीऽस. मी एवढ्या जोरात हसले की खुर्ची मागे सरकली. मग पुन्हा, दुसरीकडून पुन्हा. मी दुसरं रेकॉर्डिंग लावलं, तिसरं लावलं. सगळ्यांत होत्या. बाईसाहेब कुठेही गेल्या नव्हत्या. खांब ठोकत होते तेव्हा आडोशाला गेल्या असतील, जरा वेळ गप्प बसल्या असतील, पण घाव थांबले की लगेच चौकशा सुरू. आणि त्यांच्या पाठोपाठ आणखी एक शीळ होती, कच्ची, डगमगणारी, प्रत्येक वेळी थोडी वेगळी. पिल्लांची अशी असते. त्यांचं स्वतःचं नाव अजून बसायचं असतं. काकूंना मूल झालं होतं आणि मी इकडे त्यांच्या नावानं गळे काढत होते. मी रडले. खरं सांगते, त्या वेळी मला दुःख वगैरे काही नव्हतं. जिवंत आहेत, एवढंच डोक्यात होतं. कितीतरी वेळ मी नुसती बसून ऐकत होते आणि मधूनमधून मोठ्यानं "हो हो, आले" असं म्हणत होते, रिकाम्या खोलीत.

मंगळवार आठवला तो हेडफोन काढल्यावर. आमचा सगळा डोलारा एका खांबावर उभा होता, तो म्हणजे डॉल्फिन गेले. तो काढला की बंदरवाले टाळ्या वाजवणार. त्यांचा एक इंजिनिअर आहे, तरुण, इस्त्रीचा, प्रत्येक सभेत मला "मॅडम, तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे" म्हणून सुरुवात करतो आणि मग आदर ठेवून सगळं खोडतो. त्याचा चेहरा मला दिसायला लागला. आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्या मनानं लगेच हिशेब मांडला की हे फक्त मला माहीत आहे. पंतोजी खूण नसेल तिथं बघत नाही. नवऱ्याला ताप आहे. थर्मामीटर काय, फेकून देता येतो.

सोमवारी सकाळी मी पंतोजीला सांगितलं, कारण रात्रभर माझ्यानं झोपवेना. तो कप समास सोडून ठेवत होता, त्याचा हात तसाच राहिला. त्यानं स्वतः चित्रं काढली, एकेक शीळ पडद्यावर उमटत गेली, कोपऱ्यातून वर चढणारी बारीक रेघ, माझी खूण नसलेल्या प्रत्येक जागी. मग म्हणाला, "उद्या काही बोलू नकोस. सुनावणी होऊन जाऊ दे. मग आपण शांतपणे दुरुस्ती काढू." "आणि उद्या मी काय सांगू?" "गोंगाट वाढला हे तर खरंय ना? ते मी मोजलंय, त्याला तुझे कान लागत नाहीत. काम वाईट आहे हेही खरंय. आपलं म्हणणं खरं आहे, पुरावा तेवढा..." "पुरावा तेवढा खोटा आहे," मी म्हटलं. तो चिडला. पंतोजी चिडला की शुद्ध बोलतो. "तू सत्यवादी होशील आणि ते परवापासून खांब ठोकतील. त्या काकूंचं पिल्लू त्या आवाजात वाढेल. ते चालेल तुला?" मी पर्स उचलून निघाले, तेव्हा तो मागून म्हणाला, "आणि तुझ्यानंतर मी कुणाचे कान आणू?" हे मला नीट ऐकू आलं, कारण तो ओरडला होता.

संध्याकाळी नवऱ्याचा ताप उतरला होता. तो बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. मी त्याच्यासमोर बसले, अगदी तोंडासमोर, आणि सगळं सांगितलं. त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "मला वाटत होतं, तुला ऐकायचंच नसतं." मी म्हटलं, "म्हणजे?" "मी काही बोललो की तू हं म्हणायचीस आणि निघून जायचीस. विचारलं तर म्हणायचीस, तू पुटपुटतोस. मग म्हटलं, जाऊ दे. नोकरी सुटलेल्या माणसाचं कोण ऐकतं घरात?" आमच्या घरात हल्ली फारसं बोलणं नसे. वय झालं, संसार जुना झाला, सगळ्यांचं असंच होतं, असं त्यालाही मी तयार उत्तर देऊन टाकलं होतं. "काय सोडून दिलंस बोलायचं?" मी विचारलं. "काय असणार? फुटकळ." "एखादं सांग." "आता कुठे आठवणार? ... मागे तू केस कापून आलीस, तेव्हा म्हटलं होतं, छान दिसतायत." "मग मी काय म्हटलं?" "तू म्हणालीस, उद्या आणते." मला हसू आलं, त्यालाही आलं, आणि हसता हसता मला इतकं वाईट वाटलं की मी त्याचा हात धरून बसले. तो म्हणाला, या वेळी सावकाश, ओठ नीट हलवून, "उद्या काय करायचं ते तू ठरवलंयस. मला विचारू नकोस."

सभागृह भरलं होतं. समितीच्या अध्यक्षबाई मध्ये, त्यांच्या बाजूला एक वयस्कर सदस्य, समोर बंदराची माणसं. माझ्या नावाचा पुकारा झाला. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मागच्या सभेत मी सांगितलं होतं की डॉल्फिन गेले. ते गेलेले नाहीत. मला ऐकू येत नाही." एकदम कुणाला काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, रीत, खुणा, ठसठशीत शिळा, निम्मा वेग. सभागृहात कुजबुज सुरू झाली. ती मला दिसली, ऐकू आली नाही. पंतोजी संगणकापाशी खाली मान घालून बसला होता. इंजिनिअर उठला. "मॅडम, तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे," तो म्हणाला, आणि मला वाटलं, आज खरंच असावा. "म्हणजे मासे तिथंच आहेत. मग काम सुरू करायला तुमची हरकत नसावी." "ते मासे नव्हेत," मी म्हटलं, "आणि हरकत आहे. परवापर्यंत मी म्हणत होते, ते परत यावेत म्हणून काम थांबवा. आज म्हणते, ते इथं राहतात म्हणून थांबवा. रिकाम्या घराशेजारी कोणी काहीही ठोकू शकतं." तो हसला, पण कुत्सितपणे नव्हे. "पण आता हे आम्ही कुणाच्या कानांवर विश्वास ठेवून मानायचं?" काही जण मोठ्यानं हसले. माझे कान तापले. बाबा आठवले. खाली बसावं असं मनापासून वाटलं.

"तुमच्या," मी म्हटलं. "रेकॉर्डिंग आणलंय. मी हळू वेगानं वाजवणार नाही, खऱ्या वेगानं वाजवणार आहे. मला काही ऐकू येणार नाही. तुम्ही सांगा." अध्यक्षबाईंनी मान हलवली. पंतोजीनं माझ्याकडे बघितलं, आणि आवाज सोडला. घरघर सुरू झाली, मग मंद तडतड, आणि पुढे मला काहीच नव्हतं. मी चेहरे बघत उभी राहिले. वयस्कर सदस्य माझ्यासारखेच गोंधळून इकडेतिकडे बघत होते, म्हणजे त्यांचंही गेलेलं. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईच्या भुवया वर गेल्या. शेजारचा बोलायला लागला, तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. मग इंजिनिअरचं पेन थांबलं. तो छताकडे, आवाजाच्या डब्याकडे बघायला लागला.

"आली?" मी विचारलं.

"आली," तो म्हणाला. मग त्यानं बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं, आणि माझ्याकडे न बघता, सावकाश, मला कळेल असं म्हणाला, "थांबा जरा. तिच्या मागे आणखी एक आहे. लहान आहे."